सिद्रामप्पा आणि दोन शिंगांचा अडॅप्टर

गेल्या महिन्यात घरच्या जुन्या कॉम्प्युटरसाठी वायफायचा अडॅप्टर घ्यायला मी कळंबच्या एका दुकानात गेलो होतो. अडॅप्टर म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीच्या खाचेत खुपसायचं बोटभर यंत्र. ज्या कॉम्प्युटरला स्वतःहून वायफाय धरता येत नाही, त्याला ते धरून देतं. दुकानातल्या मुलानं बरीच खोकी माझ्यापुढं मांडली आणि "कुठला देऊ सर?" असं विचारलं. मी एक खोकं उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे आधी कुणाच्या घरी राहून आलंय का रे?"

पोरगं माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. मला हसू आलं. कारण हा प्रश्न माझा नव्हताच, तो सास्तूरच्या सिद्रामप्पांचा होता. कुठलीही वस्तू दिसली की आप्पांचे प्रश्न असेच, बैल पारखल्यासारखे. मग ती वस्तू बैल असो, मोटरसायकल असो, नाहीतर अडॅप्टर असो.

सास्तूरच्या शाळेत मी बरीच वर्षं मास्तरकी केली. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव ते. सरळ गल्ल्या, रुंद रस्ते, एकसारखी घरं. मी ज्या घरात भाड्यानं राहायचो त्याच्या पलीकडचंच घर सिद्रामप्पांचं. उंच, शिडशिडीत माणूस. कपाळावर भस्म, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल आणि कमरेला सुपारीचा बटवा. थोडी शेती, घरात ज्वारी-तुरीच्या पत्र्याच्या कोठ्या, दारात दोन बैल. एवढ्यावर गावात कुणाला मान मिळत नसतो. आप्पांचा मान होता तो त्यांच्या पारखीला.

गावात कुणालाही काही घ्यायचं असलं की आधी आप्पांच्या दारात यावं लागे. बैल तर झालेच, पण शिलाई मशीन, पाण्याची मोटार, लग्नाचा बस्ता, काहीही. आप्पा कधी नाही म्हणायचे नाहीत आणि कधी घाईही करायचे नाहीत. "घाईत घेतलेला बैल आन् घाईत जोडलेला सोयरा, दोन्हीबी जलमभर लाथा घालत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या आईचं माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळं घरात निम्मं कानडी चाले. निकाल ते कानडीतच द्यायचे. वस्तू नापास झाली की "ब्याड." पास झाली की "आयतु." आणि या दोन्हींच्या मध्ये एक लांबलचक "बघू" असे, ज्यात काही लोकांचा अख्खा उन्हाळा गेलेला आहे.

मला स्वतःला एक जुनी मोटरसायकल घ्यायची होती. लोहाऱ्याला एकाकडे होती, रंग झकास, आवाज झकास. मी आप्पांना घेऊन गेलो ही माझी हौस. आप्पांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. सीटवर पंजा टेकवून दाबून पाहिलं, जशी बैलाची पाठ दाबतात तशी. मग मालकाला विचारलं, "कामून विकायलाव?"

"नवी घ्यायलोय ना आप्पा."

"बरं. मग नवी आल्यावर कुठं उभी करणार ती जागा दाखवा."

मालकाच्या दारात गाडीच काय, सायकल उभी करायला जागा नव्हती. तो गडबडला. पण मी आपला रंगावर भाळलेला. म्हटलं, आप्पा, एकदा चालवून तर बघू. आप्पा म्हणाले, "बघू की. पर सडकंवर न्हाय. सडकंवर म्हसरू बी पळतंय." आणि त्यांनी ती गाडी नांगरलेल्या रानात घालायला लावली. मी पुढं, मागं आप्पा, आणि आप्पांच्या मांडीवर मालकाच्याच घरातनं उसनं घेतलेलं ज्वारीचं पोतं. रानाच्या मधोमध गाडीनं एक उचकी दिली आणि मान टाकली. ढेकळांतून ती ढकलत बाहेर काढताना माझ्या नाकी नऊ आले. आप्पा पोतं खांद्यावर घेऊन शेजारून चालत होते. बांधावर आल्यावर ते फक्त "ब्याड" म्हणाले. पुढं त्यांनीच निवडून दिलेली गाडी मी अजून वापरतो. रंग अगदीच कळकट आहे.

आप्पांची दुसरी खोड मात्र मला बरेच दिवस कळली नव्हती. ते कुणाच्याही घरी गेले की आधी वर बघायचे. नमस्कार-चमत्कार नंतर. छत, भिंतीची वरची बाजू, कोपरे, सगळं नजरेखालून घालून मगच बसायचे. पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा ऐन वैशाख होता. मी पंख्याखाली खुर्ची मांडली. आप्पांनी वर पाहिलं, खुर्ची उचलली आणि भिंतीकडं सरकवली. मला वाटलं म्हातारपण आहे, वारं सोसत नसेल. म्हणून मी अदबीनं पंखा बंद केला. आम्ही दोघं घामानं निथळत बराच वेळ पावसापाण्यावर बोललो. शेवटी आप्पा टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "गुरुजी, लाईट गेलीय का?"

"नाही आप्पा, तुम्हाला वारं सोसत नाही ना..."

"वारं येऊ द्या की! म्या निस्ता बाजूला सरकलोय."

त्यांच्या घरी गेल्यावर उलगडा झाला, निदान निम्मा. त्या घरात डोक्याच्या वर काहीही नव्हतं. फळी नाही, खुंटी नाही, फोटो नाही, छताला पंखा नाही. वारा घ्यायचा तो जमिनीवरच्या टेबलफॅनचा. देव बुटक्या चौरंगावर. कॅलेंडर होतं, पण खिळ्याला टांगलेलं नव्हतं. खळीनं भिंतीला छातीएवढ्या उंचीवर चिकटवलेलं. भिंतीवरचं घड्याळ जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं. किती वाजले हे बघायचं तर गुडघ्यावर बसावं लागे. आप्पांची बायको, महानंदाक्का, मला हसून म्हणाल्या होत्या, "आमच्यात देवापरीस घड्याळालाच वाकावं लागतंय बघा गुरुजी." भिंतीला भोक पाडायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, वर काही टांगायचं नाही. घरात हातोडाच नव्हता. भूकंपातून गेलेल्या गावात अशा गोष्टींची कारणं कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

मग आप्पांच्या सुनेचं, पल्लवीचं, प्रकरण आलं आणि आप्पांच्या पारखीची खरी परीक्षा लागली.

आप्पांचा मुलगा महेश पुण्यात होता. त्याला उमरग्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली आणि तो बायको-मुलीला घेऊन घरी परतला. पल्लवी लातूरची, पुण्यातल्या एका कंपनीत विम्याचे कागद तपासायचं काम करणारी. कंपनीनं तिला घरून काम करायची परवानगी दिली होती. तिच्याबरोबर तिचा कॉम्प्युटर आला, आणि आर्वी आली. आर्वी म्हणजे आप्पांची नात, बोबडं बोलणारी आणि बैलांना हाका मारणारी. तोवर रोज संध्याकाळी पारावर बसून अख्ख्या गावाचे बैल नापास करणारे आप्पा आता दिवस कलायच्या आत घरी दिसायला लागले. आर्वीला खांद्यावर घेऊन ते गोठ्यात उभे असत आणि ती बैलाला जे काही सांगे ते बैलाला कानडीत समजावून सांगत. इतका सुखी माणूस मी गावात दुसरा पाहिला नाही.

पण इंटरनेटची पेटी बसवली होती पुढच्या खोलीत, अर्थातच जमिनीवर, आणि पल्लवीचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत. मधे पत्र्याच्या कोठ्यांची रांग आणि भिंत. कॉम्प्युटरला वायफाय धरता येत नव्हतं. जमिनीवरून वायर टाकली तर धान्याच्या घरातले उंदीर ती आठवड्याच्या आत कुरतडून मोकळे झाले. भिंतीतून भोक पाडून वायर न्यायची तर आप्पा. मोबाइलची रेंज फक्त गच्चीवर. पल्लवीचं काम रडतखडत चाललं होतं. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटायचा. शेवटी तिच्या साहेबानं सांगितलं, की पुढच्या एक तारखेपर्यंत सुधारणा झाली नाही तर पुण्याच्या ऑफिसात यावं लागेल. म्हणजे पल्लवी जाणार, तिच्याबरोबर आर्वी जाणार, आणि महेश शनिवार-रविवार पुण्याच्या चकरा मारणार. नोकरी सोडणं परवडण्यासारखं नव्हतं, आणि पल्लवीला ती सोडायचीही नव्हती. तिनं का सोडावी?

अडॅप्टर घ्या असं मीच सुचवलं. आप्पांनी लगेच टॉवेल झटकला. "चला गुरुजी. धाराशिवला जाऊ. बघू."

ते "बघू" ऐकून मी बोटांवर दिवस मोजले. एक तारीख काही फार लांब नव्हती.

धाराशिवच्या दुकानात मुलगा तरुण, उत्साही. "काय पाहिजे काका?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

"ते बघितल्यावर ठरंल."

मी मधे पडून अडॅप्टर म्हटलं. मुलानं तीन मांडले. एक हरभऱ्याएवढा, खाचेत घातला की दिसणारही नाही असा. दुसरा बोटाएवढा, एका काडीचा. तिसरा बैठकीवर उभा, लांब वायरचा, आणि त्याला दोन काड्या. आप्पांची नजर तिसऱ्यावर खिळली, कारण त्या दोन काड्या थेट शिंगांसारख्या वर गेल्या होत्या. त्यांनी एकेक शिंग बोटांत धरून हळूच वाकवून पाहिलं.

"हा ड्युअल बँड हाय काका," मुलगा म्हणाला. "ह्याच्यात दोन लाइनी असत्यात. एक लई फास्ट, पण भिंत आडवी आली की ढेपाळती. दुसरी जरा हळू, पण भिंतीपल्याड जाती."

आप्पांचा चेहरा उजळला. "म्हंजे एक खिल्लार आन् एक लाल कंधारी."

"काय?"

"खिल्लार शर्यतीला पळतंय, चिखलात बसकण मारतंय. कंधारी पळायचं न्हाय, पर चिखलातनं गाडी भायेर काढंल. बराबर का?"

मुलगा हसला. "बरोबरच हाय की. मी उगंच गिऱ्हाइकाला एवढं समजावत बसतो."

"आन् खातंय काय?"

"काही न्हाय. कॉम्प्युटरच्याच लाइटवर चालतंय."

आप्पांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. न खाणाऱ्या जनावरावर त्यांचा विश्वास नव्हता. मग त्यांनी तिन्ही खोकी एकावर एक रचली. "तिन्ही द्या. आमच्याकडं ऱ्हाऊ द्या जरा. जे टिकंल ते ठिऊ."

"काका, खोकं फोडलं की परत घेत न्हाईत."

"बैलाला कुठं खोकं असतंय?"

"पण हे बैल न्हाय ना काका!"

आप्पांनी तोडगा काढला. "बरं, तवर हे गुरुजी हितं बसतील."

मुलानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. तारण म्हणून मी त्याला पसंत पडलो नसावा. त्यानं वडिलांना फोन लावला. वडील तेरखेड्याचे, एके काळी शेती करणारे. फोनवरचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "सास्तूरचे सिद्रामप्पा? उंच हायेत का? कपाळाला भस्म? आन् सारखं वर बघत्यात का?"

मुलानं मान वळवली. आप्पा खरोखरच वरच्या मांडणीतल्या खोक्यांकडे बघत होते आणि बोलता बोलता त्या मांडणीखालून बाजूला सरकले होते.

"व्हय, बघायलेत."

"मग दे. तिन्ही दे. आपली बैलजोडी त्यांनीच निवडून दिलती."

मी सुटलो.

घरी परीक्षा सुरू झाली. पहिला मान हरभऱ्याचा. पल्लवीनं तो खाचेत घातला, कॉम्प्युटरनं त्याला ओळखलं, आणि दार उघडं होतं तोवर सगळं ठीक चाललं. दार लावलं की संपलं. कोठ्यांच्या रांगेपुढं त्या बिचाऱ्याचं काही चालेना. "दम न्हाय," आप्पा म्हणाले. हरवू नये म्हणून त्यांनी तो काढून सुपारीच्या बटव्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी ओसरीवर बोलत बसलो असताना आप्पांनी सवयीनं बटव्यात हात घातला आणि न बघता हाताला लागलं ते अडकित्त्यात धरलं. "आप्पा!" म्हणून मी ओरडलो नसतो तर त्याची खांडं झाली असती. आप्पांनी तो उन्हात धरून पाहिला, फुंकर मारली आणि पुटपुटले, "सुपारीबी ह्याच्यापरीस मोठी असतीया."

दुसऱ्यानं वेगळंच नाटक केलं. त्याला चालवायचं सॉफ्टवेअर एका छोट्या चकतीवर होतं, आणि पल्लवीच्या कॉम्प्युटरला चकती घालायला तोंडच नव्हतं. ते इंटरनेटवरून उतरवता येत होतं, पण इंटरनेट तर तो अडॅप्टर चालल्यावर येणार! आप्पांनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "म्हंजे गडी कामावर यायला आदी गड्याच्याच घरी निरोप धाडायचा?" शेवटी पल्लवी मोबाइल घेऊन गच्चीवर गेली, तिथं ते उतरवलं, खाली येऊन कॉम्प्युटरमध्ये घातलं. तो चालला. पण महानंदाक्का कोठ्यांमधून पातेलं घेऊन गेल्या की तुटायचा, आणि त्या दिवसभर येत-जात असायच्या. आप्पांनी निदान केलं, "बुजरं हाय. बाईमाणूस दिसलं की बुजतंय." अक्का म्हणाल्या, "मग म्या काय घर सोडून जाऊ?" यावर आप्पांनी "बघू" म्हटलं नाही, एवढं अक्कांचं नशीब.

तिसऱ्यावर आप्पांची भिस्त होती. शिंगवाला. त्याला त्यांनी बुटक्या टेबलावर कॉम्प्युटरशेजारी ठेवलं, शिंगं उभी केली, आडवी केली, एक उभं एक आडवं केलं. बरा चालला. दोघांपेक्षा खूप बरा. पण मीटिंग सुरू झाली की थोड्या वेळानं पल्लवीचा चेहरा पडद्यावर गोठायचा आणि पलीकडून "हॅलो, हॅलो" सुरू व्हायचं. आप्पा दाराबाहेर उभे राहून ऐकत. प्रत्येक "हॅलो"ला त्यांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं जाई.

मी दुकानातल्या मुलाला फोन लावला आणि आप्पांच्या हातात दिला.

"खालीच ठेवलाय का काका? अहो, तो वर लावायचा असतोय! बैठकीला मागनं भोक दिलंय बघा, खिळ्यात अडकवायला. दरवाजाच्या वर झरोका आसंल ना? तिथं लावा. कोठ्यांच्या वरनं सरळ मिळंल त्याला. मग बघा कसा पळतोय."

आप्पांनी अडॅप्टर उचलून उलटा केला. बैठकीच्या पाठीला खिळ्याची खाच होती. शिंगं तपासली, वायर तपासली, वजन तपासलं. पाठ तेवढी बघायची राहिली होती. त्यांनी फोन मला परत दिला.

"ब्याड," ते म्हणाले.

पल्लवी समजूतदार पोरगी. पण एक तारीख चार दिवसांवर आलेली. ती म्हणाली, "आप्पा, सुपारीएवढं वजन आहे हो त्याचं. पडला तरी काय होणार आहे?"

 आप्पा भिंतीकडं बघत बोलले, पल्लवीकडं नाही.

"आईला पितळी भांडी लई जीव की प्राण. उठल्याउठल्या नदरंला पडावीत म्हणायची. गणपती बसायच्या आदी म्या फळी ठोकली. तिच्या उशाला, वर. हंडे, परात, घागरी, सगळं मांडलं. लई खूश झाली. मंग भूकंप झाला." अडॅप्टरच्या पाठीवरची खाच त्यांनी अंगठ्यानं झाकली. "भिंती देवानं पाडल्या, पोरी. फळी म्या ठोकली व्हती."

अक्का कोठीशी तशाच उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. पंख्याखालून सरकणारी खुर्ची, जमिनीवरचं घड्याळ, खळीनं चिकटवलेलं कॅलेंडर, ज्याला मी इतकी वर्षं खोड म्हणून हसत आलो होतो, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढं आलं. पल्लवी पुढं झाली. आप्पांच्या हातातला अडॅप्टर तिनं काढून घेतला. "राहू द्या आप्पा," ती म्हणाली. "मी सांगते साहेबांना, येते म्हणून."

दुसऱ्या दिवशी तिनं खाटेखालून बॅग ओढली. आर्वीचे कपडे घड्या घालून आत जाऊ लागले. आर्वीला वाटलं हा खेळ आहे. ती बैलाची घंटा आणून बॅगेत टाकी, अक्का ती काढून परत नेऊन ठेवत. आप्पा दिवसभर गोठ्यात होते.

त्याच्या पुढच्या सकाळी मी दाढी करत होतो. दारात आप्पा उभे. आज त्यांनी वर बघितलं नाही.

"गुरुजी, हातोडा हाय का?"

मी अर्धी दाढी तशीच ठेवून हातोडा आणि खिळ्यांचा डबा काढला. डबा त्यांनी माझ्या ओसरीवर ओतला. आणि सिद्रामप्पा काही एकदम बदलले नव्हते, कारण मग खिळा निवडायला सुरुवात झाली. एकेक खिळा उचलून त्याचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. गंजका गेला, वाकडा गेला, डोकं बारीक असलेला गेला. मी म्हटलं, "आप्पा, सुपारीएवढं वजन आहे, कुठलाही चालेल." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी आत जाऊन उरलेली दाढी पूर्ण केली. शेवटी काँक्रीटचा एक दणकट खिळा त्यांना पटला. त्याला बैल बांधला असता तरी चालला असता.

कॉम्प्युटरच्या वरच ठोकायचा, असं मी म्हणालो, कारण अडॅप्टरची वायर तेवढीच होती. आप्पांनी ठाम मान हलवली. "पोरीच्या डोक्यावर न्हाय." मग मी मोटरसायकल काढली आणि लोहाऱ्याहून जोडायची लांब वायर घेऊन आलो. आता खिळा कॉम्प्युटरपासून दूर, दाराच्या कडेला, झरोक्याच्या पातळीला येत होता.

आप्पा स्टुलावर चढले. मी ठोकतो म्हटलं, तर नको म्हणाले. पहिला घाव अंगठ्यावर बसला. दुसऱ्यानं पोपडा उडाला. अक्का स्वयंपाकघराच्या दारात डोळे मिटून उभ्या होत्या, पल्लवीनं स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. खिळा बसला. आप्पांनी त्याला खांद्यावरचा टॉवेल अडकवून जोरानं ओढून पाहिला, एकदा, परत एकदा, मग मला ओढायला लावलं. त्यानंतर कुठं अडॅप्टर वर गेला. आप्पांनी दोन्ही शिंगं सरळ केली.

पल्लवी कॉम्प्युटरपुढं बसली. थोड्या वेळानं तिच्या साहेबाचा आवाज खोलीत आला, इतका स्वच्छ की आप्पांनी सदरा सारखा केला. दार लावलं. चाललं. अक्कांना मुद्दाम पातेलं घेऊन कोठ्यांमधून ये-जा करायला लावली, त्यांनी ती जरा जास्तच केली. तरी चाललं. सगळे आप्पांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी अंगठा चोखत वर पाहिलं, खूप वेळ पाहिलं.

"आयतु," ते म्हणाले.

एक तारीख आली आणि गेली. बॅग खाटेखाली गेली. हरभरा आणि बुजरा धाराशिवला परत गेले. मुलानं हरभऱ्यावरचा अडकित्त्याचा बारीक चरा पाहिला आणि वडिलांचा शब्द म्हणून काही बोलला नाही.

पुढं माझी कळंबला बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तेव्हा मागच्या खोलीत पल्लवीची मीटिंग चालू होती. दार किलकिलं होतं. ती पडद्याशी काहीतरी इंग्रजीत बोलत होती, आर्वी तिच्या पायाशी कागदावर बैल काढत होती. घड्याळ अजून जमिनीवरच होतं. आणि दाराच्या कडेला, बरोबर त्या खिळ्याखाली, आप्पांनी आपली लाकडी खुर्ची मांडली होती. अक्कांनी मला नंतर सांगितलं, पल्लवी कामाला बसली की ते तिथं येऊन बसतात, उठेपर्यंत हलत नाहीत. दुसऱ्या कुणाला त्या खुर्चीत बसू देत नाहीत.

आवाज होऊ नये म्हणून आप्पा सुपारी टॉवेलात गुंडाळून कातरत होते. मधेच त्यांनी मान वर करून शिंगांकडं एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. मी पाया पडायला पुढं सरकलो, तशी त्यांनी हातानंच मला अडवलं आणि पलीकडच्या भिंतीजवळची जागा दाखवली.

"तिकडं बसा गुरुजी," ते कुजबुजले. "हितं म्या हाय."